निरोध होता, तरी झोप नाही

संबंध आला, निरोध वापरला, तो फाटला नाही, घसरलाही नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून डोक्यात एकच विचार: मला एड्स तर झाला नसेल? मग मोबाइलवर शोध सुरू होतो. घशात जरा खवखवले की छातीत धस्स होते. आरशासमोर उभे राहून मानेवरच्या गाठी चाचपल्या जातात. घरात लहान भाचा धावत आला तर त्याचा मुका घ्यायला मन धजावत नाही. एचआयव्हीच्या समुपदेशनात काही काळ काम केलेल्या कोणालाही हा माणूस ओळखीचा असतो. त्याच्या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर एका ओळीचे आहे: निरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेवर आणि अखंड राहिला असेल, तर त्या संबंधातून एचआयव्हीची लागण झाली असेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. अडचण अशी की हे उत्तर ऐकून तो दोन तास शांत होतो आणि रात्री पुन्हा जागा राहतो. म्हणून या विषयाचा आढावा घ्यायचा तर दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. विषाणूची लागण कशी होते हे एक, आणि लागण होण्याचा मार्गच नसताना भीती कशावर जगते हे दुसरे.

हा आढावा वर्धा जिल्ह्यात उभे राहून घेण्याला कारण आहे. संसर्गाच्या भीतीशी या जिल्ह्याने जेवढी दीर्घ झुंज दिली, तेवढी महाराष्ट्रात फार थोड्या भागांनी दिली असेल. मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, तेव्हा कुष्ठरोग म्हणजे घरातून, गावातून आणि पंगतीतून हद्दपारी होती. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री अंगावर कुष्ठाचे व्रण घेऊन सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालीश केली. बाबा आमटे मूळचे याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. वरोऱ्यात तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पावसात पडलेला पाहून ते आधी पळाले होते, हे त्यांनी कधी लपवले नाही. त्या भीतीचा पाठलाग करतच ते आनंदवनापर्यंत पोचले.

व्यक्तींच्या धैर्याइतकीच, माझ्या मते त्याहूनही मोलाची, एक पद्धत वर्ध्यातून निघाली. १९५१ साली इथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वार्डेकरांनी तिथे घडवलेली कामाची रीत तीन शब्दांत मावते: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. मधला शब्द औषधाच्या आधी येतो. समज बदलल्याशिवाय रोगी पुढे येत नाही, तपासायला देत नाही आणि औषध पूर्ण करत नाही, हे त्यांनी गावोगाव हिंडून ओळखले होते. बहुसंख्य माणसांच्या शरीरात कुष्ठरोगाला पुरेसा प्रतिकार मुळातच असतो ही माहिती गावात पोचायला वर्षे लागली. एचआयव्हीचे आजचे दुखणे नेमके या मधल्या शब्दाशी अडलेले आहे. औषध आहे, चाचणी आहे, तीही मोफत. शिक्षण मागे राहिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीविषयी सर्वांगीण बरोबर माहिती दर पाच बायकांत जेमतेम एकीला आणि दर दहा पुरुषांत तिघांना होती.

लैंगिक व्यवहाराबद्दल बोलण्याच्या बाबतीत मात्र वर्ध्याचा वारसा सरळ नाही. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. साधने वापरावीत हा त्यांचा आग्रह. संयम हाच मार्ग हे गांधीजींचे मत. दोघांचे एकमत झाले नाही. गांधीजींच्या म्हणण्यामागे स्त्रीच्या इच्छेविरुद्ध होणाऱ्या संबंधाची खरी कळकळ होती, हे मान्य करूनही मला वाटते की त्या वादात आरोग्याच्या बाजूने सँगरच बरोबर होत्या. मराठीत हेच र. धों. कर्वे त्याआधीपासून सांगत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. ‘समाजस्वास्थ्य’ला येणारे प्रश्न आणि आज मोबाइलवर रात्री दोनला टाइप होणारे प्रश्न यांचा गाभा एकच आहे: मी काही भयंकर केले का, आणि आता माझे काय होणार? पुढे १९६८ मध्ये सरकारने ‘निरोध’ १५ पैशांना तीन या दराने किराणा दुकानांपर्यंत पोचवला आणि ते नाव आपल्या बोलीत कायमचे राहिले. वस्तू पोचली. तिच्याबद्दलचे बोलणे पोचले नाही.

आता मूळ प्रश्न. एचआयव्ही शरीरातल्या मोजक्या द्रवांत संसर्गाला पुरेशा प्रमाणात असतो: रक्त, वीर्य व त्याआधी येणारा स्राव, योनीतला स्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचे दूध. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून लागण होत नाही. शिवाय हा द्रव थेट रक्तात किंवा आतल्या ओल्या, नाजूक त्वचेपर्यंत पोचावा लागतो. हवेत, कपड्यावर, चादरीवर विषाणू फार काळ तग धरत नाही. डासाच्या अंगात त्याची वाढ होत नाही, म्हणून डासातून तो पसरत नाही. एका ताटात जेवणे, एका विहिरीत पोहणे, एसटीत शेजारी बसणे, मिठी मारणे यांतून काहीही होत नाही. निरोध काढताना त्याच्या बाहेरचा ओलावा बोटाला लागला, ही भीती समुपदेशनात वारंवार येते. बोटाची धड त्वचा विषाणूला आत येऊ देत नाही. हात धुवा आणि तो विषय तिथेच सोडा.

आकडे पाहू. एचआयव्ही असलेल्या आणि औषध न घेणाऱ्या जोडीदारासोबत निरोधाशिवाय एकदा संबंध आला तर लागणीची शक्यता किती, याचे जगभरच्या अभ्यासांतून काढलेले अंदाज उपलब्ध आहेत. योनीसंबंधात पुरुषाला ती दर १० हजार संबंधांमागे सुमारे ४, स्त्रीला सुमारे ८. गुदसंबंधात आत घेणाऱ्याला सुमारे १३८, करणाऱ्याला सुमारे ११. मुखमैथुनात ती इतकी कमी की धड आकडा मांडता येत नाही. तुलनेसाठी, बाधित रक्त चढवले गेले तर १० हजारांत ९ हजारांहून अधिक जणांना लागण होते. रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी तपासण्याचा नियम त्यासाठीच आहे. हे आकडे सरासरी आहेत. जननेंद्रियावर व्रण असला, दुसरा गुप्तरोग असला, किंवा जोडीदाराला नुकतीच लागण होऊन त्याच्या रक्तात विषाणू उसळलेला असला, तर धोका काही पटींनी वाढतो. तरीही पुष्कळांना धक्का बसतो तो एवढ्यासाठी, की त्यांच्या मनात एका संबंधाला एक लागण असे गणित बसलेले असते.

हेच गणित पुढे नेऊ. जोडीदाराला एचआयव्ही आहे की नाही हे बहुतेकांना माहीत नसते. भारतात प्रौढांमध्ये हे प्रमाण २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत २०२१ च्या पाहणीत ते दोन टक्क्यांच्या किंचित खाली होते. हिंगणघाटच्या एखाद्या पुरुषाने अशा स्त्रीशी निरोधाशिवाय एकदा योनीसंबंध ठेवला, तर दोन टक्के आणि १० हजारांत ४ यांचा गुणाकार होतो १० लाखांत ८. निरोध होता असे धरले आणि निरोधाचा अगदी कंजूस हिशोब लावला, तरी उत्तर १० लाखांत दोनच्या आत येते. त्यातही बाधित स्त्रियांपैकी अनेक जणी आज औषधावर आहेत, म्हणजे आकडा आणखी खाली. आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे ‘रोगाचे मूळ’ म्हणून रंगवल्या गेल्या तरी महाराष्ट्रात निरोधाचा वापर रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. सांगलीत १९९२ पासून मीना शेषूंच्या ‘संग्राम’ संस्थेसोबत याच स्त्रियांनी घरोघरी निरोध वाटले आणि ‘निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही’ अशी शिस्त आपापल्या वस्तीत आणली.

निरोधाचा कंजूस हिशोब म्हणालो, कारण त्याच्या परिणामकारकतेचा जो ८० टक्के हा आकडा सर्वत्र फिरतो, त्याने अनेकांची झोप उडवली आहे. ‘म्हणजे २० टक्के वेळा विषाणू आरपार जातो?’ असा त्याचा अर्थ लावला जातो. तो चूक आहे. हा आकडा जोडप्यांच्या वर्षानुवर्षांच्या सवयींचा आहे. ‘आम्ही नेहमी वापरतो’ असे सांगणाऱ्यांत अर्ध्यातून चढवणारे, कधी विसरणारे, फाटलेला लक्षात न आलेले असे सगळे मोजले गेले. अखंड लॅटेक्समधून एचआयव्ही पार होत नाही, हे प्रयोगशाळेत तपासलेले आहे. कारखान्यात प्रत्येक निरोध विजेच्या चाचणीने छिद्रासाठी पारखला जातो. माणसांवरचा सर्वात दिलासादायक पुरावा युरोपातल्या अभ्यासाचा, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला. एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा १२४ जोडप्यांनी दर वेळी निरोध वापरला. सुमारे १५ हजार संबंध झाले. एकाही जोडीदाराला लागण झाली नाही. तेव्हा आजच्यासारखी औषधेही नव्हती.

निरोध दगा देतो तो बहुधा हाताळणीमुळे, आणि इथे वर्ध्याचे हवामान मध्ये येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. ट्रकच्या केबिनमध्ये, मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला निरोध उन्हाने आणि घर्षणाने कमजोर होतो. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जामच्या चौरस्त्याला थांबणाऱ्या वाहनचालकाला दिलेल्या सल्ल्यात हे वाक्य असायलाच हवे: निरोधाचे पाकीट सावलीत ठेवा, तारीख बघा, दाबून आत हवा आहे का ते पाहा. दुसरी चूक तेलाची. खोबरेल, व्हॅसलीन, मालीशचे तेल यांनी लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होते. पाण्याधारित वंगणच वापरायचे. दोन निरोध एकावर एक चढवल्याने सुरक्षा वाढत नाही, घर्षणाने दोन्ही फाटण्याची शक्यता वाढते. फाटला तर तो बहुधा ठळक फाटतो, काढताना दिसतो. ‘न दिसणारे भोक असेल तर’ म्हणून पाणी भरून रोज रात्री तपासणाऱ्या माणसाचा त्रास वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो.

आणि खरोखर फाटला किंवा आतच घसरून राहिला तर? तेव्हा घाई करायची. ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, डॉक्टरकडे जावे. धोका खरा असेल तर २८ दिवसांच्या गोळ्या देता येतात, ज्यांना ‘पेप’ म्हणतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर असे तीन घटक एका गोळीत येतात. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग उरत नाही. निरोध अखंड होता तेव्हा या गोळ्यांची गरज नसते, आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून भीतीपोटी सुरू करू नयेत. निरोध सगळ्याच रोगांवर एवढा भक्कम नाही, हेही सांगायला हवे. सिफिलिस, नागीण, मस्से हे त्याने न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरू शकतात. व्रण, स्राव, जळजळ दिसली तर लाज सोडून तपासणी करावी. हिपॅटायटिस बी ला लस आहे. ती घेतली नसेल तर घ्यावी.

लक्षणांचा विषय मोठा आहे, कारण भीतीला सर्वाधिक खतपाणी तिथून मिळते. लागण झालेल्यांपैकी अनेकांना दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी अशी लक्षणे येतात, हे खरे. पण हीच यादी डेंग्यूची आहे, साध्या विषाणूजन्य तापाची आहे आणि पावसाळ्यानंतर विदर्भात दिसणाऱ्या स्क्रब टायफसचीही आहे. भाद्रपदात वर्धा, देवळी, समुद्रपूर इथल्या कोणत्याही दवाखान्याबाहेरची रांग बघा. तिथल्या निम्म्या माणसांना ही यादी लागू पडेल. चिंतेची स्वतःची लक्षणेही असतात: जुलाब, घाम, वजन घटणे, हातापायांना मुंग्या, झोप न लागणे. दहा वेळा दाबून पाहिलेली मानेची गाठ दाबल्यामुळेच दुखू लागते. लक्षणांवरून एचआयव्ही आहे असे ठरवता येत नाही आणि नाही असेही ठरवता येत नाही. ते काम चाचणीचे. अंगात खरोखर ताप असेल तर त्याचे निदान करून घ्या. डेंग्यूकडे एड्सच्या भीतीने दुर्लक्ष झाले तर तो धोका जास्त जवळचा आहे.

चाचणीला वेळ द्यावा लागतो. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी, शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी जवळजवळ सर्व लागणी पकडते. बोटाच्या रक्तावरच्या, फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीसाठी तीन महिने धरावेत. ‘सहा महिन्यांनी पुन्हा या, वर्षाने पुन्हा या’ हा सल्ला जुन्या चाचण्यांच्या काळातला आहे. तो आजही काही ठिकाणी ऐकू येतो आणि विनाकारण माणसाचे अर्धे वर्ष नासवतो. मुदतीनंतर मधल्या काळात नवा धोका घेतलेला नसेल आणि चाचणी निगेटिव्ह आली, तर तो अंतिम निकाल आहे. काटेकोरपणे पाहिले तर अखंड निरोधासह झालेल्या एका संबंधासाठी चाचणीचीही गरज नसते. लैंगिक व्यवहार असणाऱ्या प्रत्येकाने अधूनमधून ती करून घ्यावी, ही आरोग्याची चांगली सवय म्हणून. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावर निदान होत नाही. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्यांनी खात्री केल्यावरच निकाल सांगितला जातो.

ही केंद्रे, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आहेत, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आहेत, उपजिल्हा रुग्णालयांतही आहेत. पैसे लागत नाहीत. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल तुमच्या परवानगीशिवाय इतरांना सांगता येत नाही. कागदावर हे चोख आहे. गावाचे वास्तव असे की जिल्हा छोटा, ओळखी दाट. रांगेत शेजारच्या गल्लीतली काकू भेटेल या धास्तीने आर्वीचा मुलगा अमरावती गाठतो आणि हिंगणघाटचा नागपूर. केंद्राच्या दारावरची पाटी, बसायची जागा, नाव पुकारण्याची पद्धत या बारीक गोष्टी निदानयंत्राइतक्याच महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत. ज्याला तिथवरही जाणे जमत नाही, त्याच्यासाठी १०९७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि खरे नाव सांगावे लागत नाही.

इथपर्यंतची माहिती पुष्कळांना पुरते. काहींना पुरत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सर्वात दुर्लक्षित भाग तोच आहे. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आहे, तरी मन म्हणते: बाटली बदलली असेल तर? किट खराब असेल तर? चाचणीतून सुटणाऱ्या थोड्यांतला मीच असेन तर? तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो, तिसऱ्या. प्रत्येक निकालानंतरचा दिलासा आधीपेक्षा लवकर ओसरतो. डॉक्टरला, मित्राला, समुपदेशकाला तोच प्रश्न शब्द बदलून विचारतो. खाजेसारखे आहे हे: खाजवले की क्षणभर बरे वाटते आणि कातडे सोलून निघते. अशा माणसाला अकराव्यांदा ‘तुला काही झाले नाही’ असे सांगणे दयाळू वाटते, पण त्याने दुखणे वाढते. मनाला शून्य हवे असते आणि वैद्यकशास्त्र कधीच शून्य म्हणत नाही, ‘नगण्य’ म्हणते. त्या दोन शब्दांमधल्या फटीत चिंता घर करते. यावर उपचार आहेत. तपासण्याची ऊर्मी आली की ती अर्धा तास पुढे ढकलायची, मग एक तास, मग दिवसभर. इंटरनेटवरचा शोध पूर्ण बंद. गाठी चाचपणे बंद. अनिश्चिततेसोबत बसून राहण्याचा सराव. मानसोपचारतज्ज्ञ हे टप्प्याटप्प्याने शिकवतात, गरज पडल्यास औषधही देतात, आणि बहुतेकांना फरक पडतो. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जीव द्यावा असे विचार मनात येत असतील तर त्याच क्षणी १४४१६ या ‘टेलिमानस’च्या मोफत क्रमांकावर फोन करावा. लागणीच्या नुसत्या संशयाने टोकाचे पाऊल उचलण्याचा धोका डॉक्टरांनी आणि घरच्यांनी हलक्यात घेऊ नये.

या चिंतेच्या तळाशी पुष्कळदा विषाणू नसतोच, अपराधाची भावना असते. लग्नाबाहेरचा संबंध, पैसे देऊन ठेवलेला संबंध, पुरुषाचा पुरुषाशी संबंध, घरी कधीच मान्य होणार नाही अशा जातीतल्या मुलीशी संबंध. मनाने आधीच गुन्हा ठरवलेला असतो आणि रोग ही त्याला शोभणारी शिक्षा वाटते. ‘धात जाते’ म्हणून खंगत जाणाऱ्या तरुणांच्या दुखण्याला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये धातरोग असे नाव देऊन त्यामागची लाज आणि अज्ञान दाखवले. एड्सची ही भीती त्याच घराण्यातली आहे. बसस्थानकाच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, निराश होऊ नका’ असे रंगवणारे याच लाजेवर पैसे कमावतात. म्हणून समुपदेशकाचा पहिला प्रश्न ‘निरोध होता का’ हा असावाच, पण दुसरा ‘तुला नेमके कशाचे भय वाटते’ हा असावा. उत्तर ‘बायकोला कळेल’ असे आले, तर बोलणे बायकोबद्दल व्हायला हवे. अकरावी चाचणी तिथे काहीच सोडवत नाही. आणि उपदेश करू नये. आधीच स्वतःला झोडपणाऱ्याला आणखी झोडपले की तो पुढच्या वेळी, जेव्हा निरोध खरोखर फाटलेला असेल, तेव्हा ७२ तासांत येणार नाही.

भीती टिकण्याचे आणखी एक कारण म्हणजे एचआयव्ही म्हणजे मरण, ही १९९० च्या दशकातली प्रतिमा. तेव्हाच्या भित्तिचित्रांवर कवट्या असत. भारतात पहिल्या लागणी १९८६ मध्ये चेन्नईत सापडल्या, आणि त्यानंतरची जवळजवळ दोन दशके सरकारी दवाखान्यात परिणामकारक औषध नव्हते. १ एप्रिल २००४ पासून ते मोफत मिळू लागले. २०१७ पासून निदान झाले की लगेच उपचार सुरू होतात. आज दिवसाला एक गोळी नियमित घेणारा माणूस इतरांइतके आयुष्य जगू शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला, की त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या मोठ्या अभ्यासात नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांनी भाग घेतला आणि त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत नोंदलेली जोडपीही होती. २०१६ च्या अंतिम निष्कर्षात, उपचाराने विषाणू दबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. पुढे युरोपातल्या अभ्यासांनी हेच दाखवले. महाराष्ट्रात सुमारे चार लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. भीतीने झोप उडालेल्या तरुणाला त्यांच्यापैकी एखाद्याशी, कामाला जाणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या माणसाशी, तासभर बोलायला मिळाले, तर आकड्यांनी जे होत नाही ते होते, असा समुपदेशकांचा अनुभव आहे.

आतापर्यंतचा सगळा लेख निरोध वापरणाऱ्या पुरुषाभोवती फिरला, कारण हा प्रश्न घेऊन येणारे बहुतांशी पुरुषच. बायका येतात त्या गरोदरपणातल्या तपासणीत, आणि आपल्याकडे बहुसंख्य बाधित स्त्रियांना लागण झाली ती नवऱ्याकडून. त्यांच्यासाठी ‘सुरक्षित संबंध’ हा निर्णय त्यांच्या हातात क्वचितच असतो. निरोधाचा आग्रह धरला तर ‘तुला माझा संशय आहे का, की तूच कुठे जातेस’ हे ऐकावे लागते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या तेव्हा ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. १९८९ मध्ये हे छापून आले आणि बायका किती सोसतात व किती थोडे बोलतात हे जगाला कळले. त्याच राणीताईंनी पुढे ‘तारुण्यभान’ शिबिरांतून विदर्भातल्या मुलामुलींशी शरीराबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. वर्ध्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात असे काम दरवर्षी व्हायला हवे, मुलगे आणि मुली दोघांसाठी, परीक्षेच्या वेळापत्रकात जागा राखून. आणि ज्या नवऱ्याने निरोध वापरूनही तीन महिने बायकोला हात लावला नाही आणि कारण सांगितले नाही, त्याच्या समुपदेशनात तिचीही एक खुर्ची असायला हवी, त्याची संमती घेऊन. कारण त्या तीन महिन्यांत तिने स्वतःलाच काहीतरी दोष लावून घेतलेला असतो.